ठमीच्या रक्तातला आकडा

जिना रंगवायला आलेल्या रंगाऱ्याने प्यायला पाणी मागितलं, म्हणून मी दार उघडं टाकून आत गेले. ग्लास घेऊन परत आले तर तो उंबऱ्याबाहेर उभा राहून आतल्या खोलीकडे बघत होता. आत ठमी तिच्या कॉटचा कठडा धरून उभी होती आणि कठड्यावर दात घासत होती. दीड वर्षाची होती, दाढा येत होत्या. त्या दिवसांत हाताला लागेल ते चावायची.

"ताई, कॉट जुनी दिसते."

"जुनीच आहे. आम्ही घासून नवी केली," मी म्हटलं. हे वाक्य मी आल्यागेल्याला ऐकवायचे, आणि जरा मोठ्यानेच.

"आधी कुठला रंग होता?"

"वर पांढरा. खाली हिरवा. त्याच्याही खाली चॉकलेटी."

त्याने पाणी संपवलं. "ओली घासली का कोरडी?"

"कोरडीच. नवऱ्याने घासली. का हो काका?"

"काही नाही. तो हिरवा जुन्या काळातला असला तर त्यात शिसं असायचं. आमच्या उस्तादांची मनगटं त्यानेच गेली. चहाचा कप उचलायचा तर दोन्ही हात लागायचे." त्याने ग्लास माझ्या हातात दिला. "घाबरवत नाही तुम्हाला. पोरगी चावतेय म्हणून बोललो. एकदा रक्त बघून घ्या. निघालं नाही तर रंगारी वेडा होता म्हणा."

तो जिन्यात जाऊन ब्रश फिरवायला लागला. मी ठमीला कॉटमधून उचललं आणि तिच्या तोंडात बोट घालून हिरड्या पुसून काढल्या. ती रडली, चावली. मी पुसतच राहिले.

त्या कॉटची गोष्ट आधी सांगायला हवी. ठमी झाल्यावर आम्ही दोघांनी ठरवलं होतं, वर्षभर घरात नवी वस्तू आणायची नाही. लागलं तर जुनं शोधायचं, तुटलं तर सांधायचं, उरलं तर मुरवायचं. ठराव माझा. त्याने फक्त मान डोलावली होती, पण एकदा मान डोलावली की तो मागे हटत नाही. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. गुळगुळीत म्हणजे काय हे त्याच्या बोटांना डोळ्यांपेक्षा जास्त कळतं. बंद पडलेल्या एका पाळणाघराच्या अडगळीतून ती कॉट आम्हाला फुकट मिळाली तेव्हा तो तीन रविवार मागच्या खोलीत बसून ती घासत होता. खिडकी बंद करून, कारण खालच्या मजल्यावरच्यांचे कपडे वाळत असायचे आणि भुकटी त्यांच्यावर पडली असती. लोकांचा एवढा विचार. पुढच्या खोलीत ठमी रांगत होती.

सासूबाई म्हणाल्या होत्या, "मी घेऊन देते नवी. माझ्या नातीने दुसऱ्यांच्या पोरांच्या कॉटमध्ये का झोपायचं?"

"आई, प्रश्न पैशांचा नाही."

"मग कशाचा?"

मी त्यांना झाडांचं सांगितलं, कारखान्यांचं सांगितलं, कचऱ्याच्या डोंगरांचं सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बरं बाई. तू रसायनं शिकलीस, मी लोणचीपापड शिकले." आणि पर्स उचलून घरी गेल्या.

मी खरंच रसायनशास्त्र शिकले आहे. आता शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं घरी बसून तपासते. दुसऱ्याच्या चुका पकडायच्या, त्याचेच पैसे मिळतात.

रंगारी येऊन गेल्याच्या तिसऱ्या दिवशी ठमीच्या रक्तातल्या शिशाचा आकडा आला, चौदा.

"चौदा म्हणजे जास्त का?" नवऱ्याने विचारलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, माझ्याच वयाच्या असतील. "याला चांगला आकडा शून्यच," त्या म्हणाल्या. "पण वेळेवर आलात. पोटात जाणं थांबलं की रक्तातलं हळूहळू उतरतं. कॉट आजच घराबाहेर काढा. झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. हात सारखे धुवा. आणि खाण्यात लोह वाढवा. पोटात लोह असलं की शिसं कमी शोषलं जातं. हिरव्या पालेभाज्या, अंडी, डाळी. सहा आठवड्यांनी परत रक्त घेऊ."

"मेंदूवर वगैरे..." मी विचारलं.

"लगेच काही सांगता येत नाही. आधी आकडा खाली आणू या."

खरं सांगायचं तर घरी येताना मला थोडं हायसं वाटलं होतं. हिरव्या पालेभाज्या. ती एक गोष्ट तर आमच्या घरात ढिगाने होती. गॅलरीत नऊ कुंड्या होत्या. पालक, मेथी, टोमॅटो, कोथिंबीर. खत घरचंच. स्वयंपाकघरातलं ओलं, त्यावर सुकं, परत ओलं, परत सुकं, असं पिंपात थर देऊन मी ते मुरवायचे. औषध नाही, फवारा नाही. माझ्या लेकीच्या पोटात जाणाऱ्या पानाला कुणाचा हात लागलेला नाही, असं मी म्हणायचे.

कॉट गेली. ठमी जमिनीवर गादी टाकून झोपायला लागली. मी दिवसातून तीनदा फरशी पुसायचे, गुडघे काळे पडेपर्यंत. आणि रोज दुपारी वाटीभर पालक उकडून, घोटून, तिला भरवायचे. आधी आठवड्यातून दोनदा देत होते, आता रोज. नाही म्हणाली की गाणी म्हणायचे, चिमणीचा घास, काऊचा घास. वाटी चाटूनपुसून रिकामी झाली की मला वाटायचं, आजचा दिवस जिंकला.

सहा आठवड्यांनी आकडा आला, बावीस.

डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा वाचला. मी त्यांच्या भुवया बघत होते.

"कॉट काढली ना?"

"त्याच दिवशी."

"फरशी?"

"ओल्यानेच. रोज तीनदा."

"मग अजून काहीतरी आहे," त्या म्हणाल्या. "आणि ते रोज जातंय. घरात शोधा. पाण्याचे नळ, खेळणी, भांडी, तुमच्या कामाचे कपडे, सगळं. पंचेचाळीसच्या वर गेलं की आम्ही भरती करून औषधं चालू करतो. मला तिथवर जाऊ द्यायचं नाही. चार आठवडे देते. मध्ये काही सापडलं तर लगेच फोन करा."

त्या दिवसापासून घरातली प्रत्येक वस्तू मला चोर वाटायला लागली. भंगारातून आणलेली पितळेची परात माळ्यावर गेली. नळ पाच मिनिटं सोडून मगच पाणी भरायचं, आणि ते सोडलेलं पाणी बादलीत धरून कुंड्यांना. नवरा दुकानातून आला की जिन्यातच शर्ट काढायचा.

"समोरचे काय म्हणतील?" तो म्हणाला.

"म्हणू देत."

"काचांत शिसं नसतं गं आता."

"तुला नक्की माहीत आहे?"

त्याला नव्हतं. त्याने शर्ट काढला.

ठमीकडे मी डोळ्यांत तेल घालून बघायला लागले. शेजारची तिच्याच वयाची मुलगी दोन शब्द जोडून बोलायची. ठमी एकच शब्द बोलायची आणि बोट दाखवायची. आधी मी याला तिचा आळशीपणा म्हणून हसायचे. आता ती बोट दाखवायची आणि मी त्या वस्तूचं नाव तिच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घ्यायला बघायचे.

मग मला चोर सापडला, किंवा सापडला असं वाटलं. सासूबाईंनी आणलेली खेळणी. लाल चाकांचं बदक, वाजणारी पेटी, रंगीत ठोकळे. सगळी नवी, चकचकीत, कुठून कुठून आलेली. मी ती एका पिशवीत भरून दाराशी ठेवली, आणि नेमक्या त्याच संध्याकाळी सासूबाई आल्या.

त्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं.

"हे काय?"

"आई, रंगांचा भरवसा नाही. तपासायला..."

"माझ्या बदकाने केलं हे?"

"मी तसं म्हटलं नाही."

"म्हणू नकोस, नुसती पिशवी भर." त्या खुर्चीवर बसल्या. ठमी पिशवीतून बदक ओढून काढत होती. मी ते तिच्या हातातून काढून घेतलं, ती किंचाळली. "पाळणाघराच्या उकिरड्यावरची कॉट चालली. दुकानातलं बदक नाही चाललं."

"आई," नवरा म्हणाला.

"तू बोलू नकोस. तू नुसती मान डोलव."

त्या ठमीचा पापा घेऊन निघून गेल्या. बदक मी पिशवीत परत घातलं. मनात कुठेतरी मला असं हवं होतं की बदकच निघावं. हे लिहायला लाज वाटते, पण होतं ते असं होतं.

त्यानंतर दोन दिवसांनी, सकाळी, मी पालक खुडत होते. ठमी शेजारी बसून कुंडीतल्या मातीत बोटं खुपसत होती. रोज खुपसायची. मी रोज नंतर हात धुवायचे, अगदी नखांतून. तिने मूठ माझ्यापुढे केली आणि उघडली.

"हे," ती म्हणाली.

तळहातावर माती होती आणि मातीत एक टिकली. मुगाएवढी, एका बाजूने पांढरी, दुसऱ्या बाजूने हिरवी.

मी ती चिमटीत धरून उजेडात नेली. हिरवा ओळखीचा होता. मी ठमीचे हात धुतले, तोंड धुतलं, तिला आत नेऊन खुर्चीच्या पट्ट्यात अडकवलं आणि परत गॅलरीत आले. पीठ चाळायची जुनी चाळणी घेतली, मूठभर माती तीत टाकली आणि वरून पाणी सोडलं. माती गाळून गेली. चाळणीत मुळ्या राहिल्या, अंड्याचं टरफल राहिलं आणि तसल्या सात टिकल्या राहिल्या. तीन हिरव्या, चार पांढऱ्या.

मग मला सगळं आठवलं. आठवलं म्हणजे विसरलेच नव्हते. फक्त तिकडे कधी बघितलं नव्हतं.

तिसऱ्या रविवारी कॉट घासून झाल्यावर नवऱ्याने सगळी भुकटी, रंगाच्या पापुद्र्यांसकट, वर्तमानपत्रावर गोळा केली होती. चांगली किलोभर भरली असती. तो कागद गुंडाळून कचऱ्यात टाकायला निघाला आणि मी त्याला अडवलं. पिंपात ओलं फार झालं होतं, वास मारत होता, सुकं कमी पडत होतं. "फेकतोस कशाला, लाकूडच आहे," मी म्हटलं होतं. आणि माझ्या हाताने, पुलावावर मसाला भुरभुरावा तसे मी त्याचे थर दिले होते. खत काय सुंदर झालं त्या वेळी. काळंभोर, मोकळं. नऊच्या नऊ कुंड्यांना मी ते घातलं आणि त्यातल्याच कुंड्यांत पालक पेरला.

त्या पालकाची रोज एक वाटी, सहा आठवडे. चिमणीचा घास, काऊचा घास. बावीसनंतरचेही बारा दिवस.

नवऱ्याला फोन केला. तो दुकान सोडून आला, शर्ट न काढता आत आला. मी टेबलावर पांढऱ्या बशीत त्या सगळ्या टिकल्या ठेवल्या होत्या. त्याने एक बोटावर घेतली, अंगठ्याने चोळली. त्याला ती डोळ्यांजवळ न्यावी लागली नाही.

"कुठे मिळाली?"

"पालकात."

तो खाली बसला. ठमी त्याच्या पायाला बिलगली, त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"मी टाकायला निघालो होतो," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"कचऱ्यातच टाकत होतो मी."

"माहीत आहे मला. किती वेळा सांगणार आहेस?"

"दोनदाच सांगितलं."

"मग अजून एकदा सांग आणि संपव."

त्याने सांगितलं नाही. म्हणाला, "खिडकी बंद करून घासलं कुणी? मीच ना. मला तरी कुठे सुचलं." त्याच्या आवाजात समजूत नव्हती, नुसता थकवा होता. पण तेवढ्याने मला रडू आलं. मी रडत असतानाच डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"कुंड्यांतली सगळी माती काढावी लागेल," त्या म्हणाल्या. "ओली करून, पिशव्यांत बंद करून. नगरपालिकेच्या घातक कचऱ्याच्या विभागाला बोलवा, साध्या गाडीत देऊ नका. आणि मुलीला आजच तिथून हलवा. काम पूर्ण होईपर्यंत घरात आणू नका."

हलवायचं कुठे, हा प्रश्न दोघांनीही विचारला नाही.

सासूबाईंचं घर दोन थांब्यांवर आहे. तिथे सगळं विकत घेतलेलं असतं, सगळ्याला झाकणं असतात, फडकी दर महिन्याला नवी येतात. मी पूर्वी तिथे गेले की डोळ्यांनीच कचरा मोजायचे. त्यांनी दार उघडलं, ठमीला कडेवर घेतलं, माझ्या हातातली बॅग बघितली.

"भांडलात?"

"नाही आई." मी चपला काढल्या नव्हत्या. काढल्यावर सांगितलं तर जमणार नाही असं वाटत होतं. "बदक नव्हतं. कॉटच्या रंगाची भुकटी मी खतात घातली होती. त्याच खतातला पालक मी तिला भरवत होते. रोज."

मी वाट बघत होते. इतकी वर्षं जमवलेलं सगळं आता येणार, आणि ते माझ्या वाट्याचंच होतं.

"तिने काही खाल्लंय का आज?" त्यांनी विचारलं.

"दूध फक्त."

"मग आत ये. चपला काढ."

त्या एवढंच बोलल्या. पुढचे कित्येक दिवस त्या एवढंच बोलत राहिल्या. टोमणा नाही, काही नाही. मला त्याचाच जास्त धाक वाटायचा. त्या अंडं उकडायच्या, सोलायच्या आणि ताटली माझ्यापुढे सरकवायच्या, म्हणजे मीच भरवावं. माझा हात थांबायचा. अंड्याकडे, वाटीकडे, पाण्याकडे मी संशयाने बघायचे. मग ठमी तोंड उघडून वाट बघायची आणि भरवावं लागायचं.

नवरा दुकान सुटल्यावर घरी जाऊन कुंड्या उपसत होता. तोंडाला फडकं बांधून, माती भिजवून, दुहेरी पिशव्यांत. नऊ कुंड्या आणि पिंप मिळून एकवीस पिशव्या भरल्या. सगळ्या पिशव्या नव्या कोऱ्या, प्लॅस्टिकच्या, विकत आणलेल्या. मागच्या खोलीची फरशी त्याने फटीफटीतून पुसली. एकदा तो तसाच, अंघोळ न करता आला. त्याला फक्त दारातून ठमीला बघायचं होतं. ती धावली. तो दोन पायऱ्या मागे सरला, हात पाठीमागे घेतले.

"नको, नको, लांब," तो म्हणाला.

ती तिथेच थांबली, मग रडायला लागली. तो जिना उतरून गेला. सासूबाई दार लावताना म्हणाल्या, "त्याला सांग, कपड्यांचा एक जोड इथे ठेव आणि इथेच अंघोळ कर म्हणावं. पोरीला असं लांब करू नको."

डॉक्टरीणबाईंनी दिलेले चार आठवडे भरले. सकाळी रक्त दिलं, दुपारी फोन येणार होता. सासूबाई भांडी घासत होत्या, मी विसळत होते. मागे ठमी स्वयंपाकघराच्या पायरीवर चढउतार करत होती. फोन वाजला. मी ओल्या हातानेच घेतला.

"सतरा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उतरायला लागलंय. आता वेळ लागेल, पण दिशा बरोबर आहे. दर महिन्याला बघत जाऊ."

मी आभार मानले. फोन खाली ठेवला. सासूबाईंनी नळ बंद केला होता.

"सतरा," मी म्हटलं. "बावीसवरून."

"मग अजून सतरा आहेच की."

"हो."

"त्याने काय होतं?"

"माहीत नाही आई. कदाचित काहीच नाही. कदाचित शाळेत जायला लागली की कळेल. डॉक्टरांनाही सांगता येत नाही."

त्यांनी नळ परत सोडला. मी वळून ठमीकडे बघायला लागले. एक पाय वर, मग दुसरा, मग हात टेकून खाली. डावा पाय जरा अडखळतो का? परवा अडखळला होता का? तिने बोट दाखवलं, "हे," म्हणाली. शब्द अजून एकच. मी बघत राहिले, तिचे डोळे, तिची मनगटं, पायरीवर टेकलेला तळवा. तिच्या लक्षात आलं. ती पायरीवर उभी राहिली, स्वतःच्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि हात पाठीमागे लपवला.

सासूबाईंनी मला कोपराने ढोसलं.

"तिच्याकडे असं बघू नकोस," त्या हळूच म्हणाल्या. "तिला वाटेल तिचंच काही चुकलंय."

मी मान सिंककडे वळवली आणि एक ताटली विसळायला घेतली. मागे थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मी वळले नाही. मग पायरीवर पाय आपटल्याचा आवाज झाला, एक, आणि लगेच दुसरा.